फेसात पंक्चर सापडत नाही

हडपसर मागे पडेपर्यंत उजाडलं नव्हतं.
शरयू पुढे. ती नेहमीच पुढे.
एकोणनव्वद साली टेलिफोन एक्स्चेंजला निघायचो तेव्हाही
मला तिचं कॅरियरच दिसायचं
आणि त्यावर करकचून बांधलेला डबा.
डबा तोच आहे. दोरी बदलली.

माझी सायकल अठरा वर्षं जिन्याखाली होती.
लतीफभाईंनी चाकांची आऊट काढली, ब्रेक बदलले,
सीटवर थाप मारून म्हणाले,
"बाई, गाडी तयार आहे. तुमचं तुम्ही बघा."

लोणीनंतर ट्रकांचा रस्ता सोडून उसात शिरलो.
आवाज एकदम गेला,
कुणी रेडिओचं बटण फिरवावं तसा.
मग फक्त चेनची कुरकुर आणि डाव्या हाताला नदी.
पुण्यात मी हिला कायम पुलावरून पाहिलं,
बसच्या खिडकीतून, नाकाला पदर लावून.
इथे ती बरोबरीनं चालत होती,
जलपर्णी पांघरून, काठाला पांढरा फेस,
आणि त्या फेसात एक बगळा
एका पायावर, काही झालंच नाही असा.

थेऊरला चहा. शरयूनं चपला काढल्या नाहीत.
"देव इथूनही दिसतो," म्हणाली
आणि टांग टाकून निघाली.

पुढल्या गावाचं नाव विचारायचं राहूनच गेलं.
घाटाच्या सहा पायऱ्या शिल्लक,
बाकीच्या नदीनं नेल्या की कुणी घराच्या जोत्याला.
तिथे माझं मागचं चाक बसलं.
टेकवायला एक दगड दिसला, टेकवली.
मग दिसलं, दगडाला तलवार आहे.
तीन कप्प्यांत एकच माणूस:
खाली लढतो,
मध्ये त्याला बायका उचलून नेतात,
वर पिंडीपुढे बसलाय, हात जोडून, दमलेला.
नाव नाही. नाक झिजलेलं.
एक खांदा कपडे आपटून आपटून गुळगुळीत.
मी ओशाळून सायकल उचलायला गेले
तर मागून आवाज, "राहू द्या, त्याला सवय हाय."

अपेक्षा. सातवी ब. हातात शेळीची दोरी, शेळी कुठेच नाही.

ट्यूब काढली, हवा भरली, नदीत धरली.
बुडबुडे इथे, बुडबुडे तिथे,
ट्यूब नव्हती तिथेही बुडबुडे.
फेसात पंक्चर सापडत नाही
हे मला अठ्ठावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

ती हसली नाही. घरी गेली,
बोअरचं पाणी घमेल्यात घेऊन आली,
निम्मं वाटेत सांडत.
"कुठनं आलात?"
"पुण्यातून."
तिनं नदीकडे पाहिलं.
"हे पण तिथनंच येतं."
एकाच गावचे दोन पाहुणे निघाल्यावर
म्हणतात ना, तशी म्हणाली.

मला रविवारचं मशीन आठवलं,
दोन झाकणं निळं लिक्विड,
डाग नसले तरी दोनच.

घमेल्यात ट्यूब हळूहळू फिरवली.
व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर
मोहरीएवढे, एकामागे एक,
झोपलेल्या तान्ह्याचा श्वास दिसावा तसे.
अपेक्षानं त्यावर बोट दाबलं.
"धरलंय. तुम्ही ठिगळ काढा."

उरलेलं पाणी तिनं त्या दगडावर ओतलं.
तो काळाभोर झाला आणि एकाएकी सगळं उमटलं:
घोड्याचा लगाम, बायकांच्या अंबाड्यातली फुलं,
त्याच्या मिशीचा एक आकडा.
मी चष्मा पुसून पाहीपर्यंत
ऊन वरून सुकवत खाली येत होतं.

शरयू दोन किलोमीटर पुढे, चिंचेखाली,
डबा उघडून, माझ्या वाटचं थालीपीठ निम्मं संपवून.
"कुठे राहिलीस?"
बोटाला चिकटलेलं सोल्यूशन मी चोळत राहिले,
त्याच्या बारीक बारीक वळ्या होत होत्या.

परतताना वारा समोरून.
शरयू पुढे.
मागचं चाक दर फेऱ्याला एकदा
ठिगळाच्या जागी टक् म्हणत होतं
किंवा मला तसं वाटत होतं.